राहत्या बिल्डिंगची डागडुजी

लातुरात कमी भाड्याचं घर शोधायला कुणी आलं, तर मी एकच खूण सांगते: लिफ्ट नसलेली बिल्डिंग बघा. जिन्याखाली दाटीवाटीनं लावलेल्या स्कूटर, वीजमीटरांची लाकडी फळी, गच्चीवर काळ्या टाक्यांची रांग आणि सज्जाच्या कडेला उघडी पडलेली सळई. अशा ठिकाणी वन बीएचके अजून पाच-सहा हजारांत मिळतं. त्याच गल्लीतल्या नव्या इमारतीत तेवढ्याच जागेला जवळपास दुप्पट मोजावे लागतात, शिवाय मेन्टेनन्स वेगळा.

ही जुनी घरं कुणी योजना आखून स्वस्त ठेवलेली नाहीत. त्यांची कर्जं कधीच फिटली, लिफ्ट-जनरेटर-वॉचमन असला खर्च त्यांना नाही, आणि त्यांचं वय भाडं फार वाढू देत नाही. शहरात साध्या पगाराच्या माणसाला परवडेल असं घर शिल्लक आहे ते बहुतेक अशाच बिल्डिंगांमध्ये. पण त्या आता पस्तीस-चाळीस वर्षांच्या झाल्यात. यातली एकेक पडत गेली, किंवा पाडली गेली, तर तिथल्या माणसांनी जायचं कुठं, या प्रश्नानं मला गेली काही वर्षं घेरलंय. कारण अशाच एका बिल्डिंगमध्ये मी वाढले, आणि तिच्या सोसायटीची खजिनदारी सध्या माझ्याकडे आहे.

लातूर 1982 साली जिल्हा झाला. त्याआधी आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका. जिल्हा झाल्यावर कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर कारकून, शिरस्तेदार, शिक्षक, नर्स आले. आडत बाजार होताच, त्यातले मुनीम आणि दिवाणजी होते. या सगळ्यांना गंजगोलाईच्या जुन्या वाड्यांमध्ये जागा पुरणार नव्हती. मग औसा रोड, बार्शी रोड, अंबाजोगाई रोड अशा बाजूंना प्लॉट पडत गेले आणि तळमजला अधिक तीन मजल्यांच्या बिल्डिंगा उभ्या राहिल्या. आमची 1988 ची. सोळा घरं, मजल्याला चार. माझ्या वडिलांनी तिसऱ्या मजल्यावरचं घर घेतलं, कारण ते सगळ्यात स्वस्त होतं. 'जिना चढला तर तब्येत चांगली राहते,' असं ते आईला सांगत.

डागडुजी सुरू झाली तेव्हा तिथं राहायचं कोण? तळमजल्यावर एसटीतून निवृत्त झालेले काका-काकू. त्यांच्या समोर एक काकू मेस चालवतात, दोन वेळचे डबे भरून देतात. पहिल्या मजल्यावर खासगी दवाखान्यातली एक नर्स आणि तिची आई, भाड्यानं. कोर्टाबाहेर टायपिंग करणारे एक गृहस्थ. एक शिंपी, ज्यांचं मशीन गॅलरीतच असायचं. आणि तीन घरांमध्ये 'नीट' या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणारी पोरं, एकेका खोलीत तीन-तीन खाटा टाकून. सोळातली सात घरं भाड्याची आहेत आणि त्यांचे मालक पुण्यात, मुंबईत, एक तर दुबईत. अशा बिल्डिंगांची हीच घडण असते. म्हणूनच दुरुस्तीचा निर्णय अवघड होऊन बसतो, कारण ज्याच्या डोक्यावर स्लॅब आहे तो आणि ज्याच्या नावावर सातबारा-खरेदीखत आहे तो, हे दोघं वेगळे असतात.

सोसायटीच्या आदर्श उपविधींमध्ये लिहिलेलं आहे की पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे सांगाड्याच्या मजबुतीची तपासणी, दर पाच वर्षांनी करावी, आणि तीस वर्षं ओलांडली की दर तीन वर्षांनी. आमच्याकडे पहिलं ऑडिट झालं तेव्हा बिल्डिंग चौतिशीला आली होती. त्याला निमित्त झालं ते दुसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघराचा पोपडा. वाटीएवढा नव्हे, चांगला परातीएवढा तुकडा रात्री खाली आला. घरात कुणी नव्हतं म्हणून निभावलं.

इंजिनिअर आले ते हातोडी घेऊन. त्यांनी कॉलम, बीम, स्लॅबची खालची बाजू ठोकत ठोकत सगळी बिल्डिंग पालथी घातली. धड काँक्रीट खणखणीत बोलतं. सुटलेलं असलं की डबडब आवाज येतो. काकांनी तेवढ्यात आपला कान तयार केला आणि पुढच्या खोलीत तेच सांगायला लागले, हा पोकळ, हा भरीव. मग मशीन लावून तपासण्या झाल्या. त्यातली एक मी जन्मात विसरणार नाही. कॉलमला बारीक खड्डा पाडला, आतली धूळ झटकली आणि त्यावर एक बिनरंगी द्रव फवारला. फिनॉल्फथॅलीन. शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ही आम्ल-अल्कलीसाठी वापरायचो तेच. खड्डा आतल्या बाजूला गडद गुलाबी झाला आणि बाहेरच्या बाजूला तसाच करडा राहिला.

इंजिनिअरांनी समजावलं ते असं. ताजं काँक्रीट अल्कलीधर्मी असतं, त्याचा सामू बारा-तेराच्या घरात. त्या वातावरणात सळईवर एक पातळ संरक्षक थर धरतो आणि ती गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो, अल्कलीपणा उतरतो, आणि तो सळईपर्यंत उतरला की थर जातो. मग ओल आणि हवा मिळाली की गंज सुरू. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. तो आतून फुगतो आणि काँक्रीटचं कवच फोडून बाहेर येतो. म्हणजे आपण ज्याला पोपडा म्हणतो तो शेवटचा टप्पा असतो. जिथं द्रव गुलाबी होतो तिथं सळई अजून सुरक्षित, जिथं होत नाही तिथं तिचं कवच गेलं. आमच्या तळमजल्याच्या बाहेरच्या कॉलमांमध्ये करडा पट्टा सळईच्या पार मागे गेला होता.

तो इतक्या आत का गेला, याचं एक कारण मराठवाड्याच्या पाण्यात आहे. काँक्रीट ओतल्यावर किमान सात दिवस ओलं ठेवावं लागतं, चांगलं म्हणजे त्याहून जास्त. आमच्या बिल्डिंगच्या वेळचे एक म्हातारे मिस्त्री अजून हयात आहेत. ते म्हणाले, "प्यायला पानी न्हवतं ताई, स्लॅबवर कुठनं मारावं? सकाळी एक डाव मारलालो, बास." अपुरं पाणी मारलेलं काँक्रीट सच्छिद्र राहतं आणि हवा त्यात लवकर शिरते. वरून मिसळायला वापरलेलं पाणी बोअरचं. लोखंडी सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरमागं 500 मिलिग्रॅमच्या आत असावं, असं भारतीय मानक सांगतं. आमच्याकडच्या बोअरची क्षारांची पुटं ज्यांनी बादलीच्या कडेवर पाहिली आहेत, त्यांना मी वेगळं काय सांगणार. अशा बिल्डिंगा बांधणारे सगळेच लबाड होते असं मी म्हणणार नाही. दुष्काळी मुलखात बांधकामाचा पहिला बळी पाणी असतं, एवढंच.

पाण्यानंच दुसऱ्या बाजूनंही बिल्डिंगला दाबलं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते सगळ्या देशानं पाहिलं. मांजरा धरण कोरडं होतं. त्या उन्हाळ्यानंतर शहरात ज्याला जमेल त्यानं आणखी एक टाकी घेतली, आणि आम्हीही घेतली. सोळा घरांच्या सोळा टाक्या होत्या, त्या वाढून सव्वीस झाल्या. हजार लिटरची टाकी भरली की एक टन वजन. सव्वीस टन पाणी, आणि तेही कॉलमवर नाही, जिथं पाइप सोयीचा पडला तिथं, स्लॅबच्या मध्यावर, विटांच्या चार थरांवर. त्याखाली गळती थांबवायला वेळोवेळी घातलेले कोब्याचे थर, जुना न काढता त्यावरच नवा. 1988 मध्ये त्या स्लॅबचं गणित करणाऱ्यानं यातलं काहीच धरलेलं नव्हतं.

ऑडिटच्या अहवालात आमची बिल्डिंग सी-2 बी वर्गात आली. मोडकळीला आलेल्या इमारतींचे वर्ग असतात. सी-1 म्हणजे तातडीनं रिकामी करून पाडा. सी-2 ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-2 बी म्हणजे माणसं हलवल्याशिवाय संरचनेची दुरुस्ती. सी-3 म्हणजे किरकोळ. सी-1 आलेल्या बिल्डिंगबद्दल भावनेत अडकून कुणी बसू नये, ती रिकामी करावीच. पण सी-2 बी असलेली बिल्डिंग सी-1 व्हायला फार वर्षं लागत नाहीत, आणि त्या मधल्या वर्षांतच सगळा निर्णय दडलेला असतो.

खर्चाचा अंदाज सुमारे 36 लाख, म्हणजे घरटी सव्वादोन लाख. सोसायटीच्या सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायच्या निधीत, त्याच्या एका कोपऱ्याइतकेही पैसे नव्हते, आणि ते कुणी खाल्ले होते असंही नाही. हिशेब साधा आहे. उपविधी सांगतात, सिंकिंग फंड वर्षाला घराच्या मूळ बांधकाम खर्चाच्या किमान 0.25 टक्के. आमच्या घराचा 1988 चा बांधकाम खर्च सव्वा लाख धरला, तर वर्षाला घरटी 312 रुपये 50 पैसे. सोळा घरांचे पाच हजार. पस्तीस वर्षं एकही पैसा न चुकवता भरला तरी मुद्दल पावणेदोन लाख. दुरुस्ती निधी 0.75 टक्के, तोही त्याच जुन्या खर्चावर. सिमेंट, सळई, मजुरी आजच्या भावानं, आणि साठा 1988 च्या भावानं. किमान दर भरला म्हणजे झालं, असं मानणाऱ्या प्रत्येक जुन्या सोसायटीची हीच गत आहे. हा दर वाढवायचा अधिकार सर्वसाधारण सभेला असतो. तो पहिल्याच दहा वर्षांत वापरायला हवा, असं मी आता नव्या सोसायट्यांच्या लोकांना भेटेन तिथं सांगते.

मग एक बिल्डर आले. त्यांचा प्रस्ताव असा: जुनी पाडू, सात मजली बांधू, सभासदांना थोडी मोठी घरं, लिफ्ट, पार्किंग, बांधकाम होईस्तोवर भाडं. पुण्यातल्या मालकांचे फोन सुरू झाले. त्यांचं चुकीचं होतं असं नाही. त्यांच्या घराची किंमत एका रात्रीत वाढणार होती. राज्याच्या 4 जुलै 2019 च्या निर्णयानुसार पुनर्विकासाला 51 टक्के सभासदांची संमती पुरते, म्हणजे आमच्याकडे नऊ घरं. सात मालक बाहेरगावी. दोनच हवे होते.

त्या सभेत मी हिशेबच मांडला, बाकी काही बोलले नाही. मुंबईत पुनर्विकास चालतो कारण तिथं जमिनीचा भाव इतका आहे की वरची थोडी घरं विकून खालच्यांना फुकट देता येतात. लातुरात जमिनीचा भाव तसा नाही. म्हणून बिल्डरला वरची घरं बरीच विकावी लागणार, आणि विकली गेली नाहीत तर काम अर्ध्यावर थांबणार. तोवर एसटीवाले काका सत्तरीत भाड्याच्या घरात. नवी बिल्डिंग झालीच, तर महिन्याचा मेन्टेनन्स आजच्या चारशेवरून दोन हजारांच्या पुढं. पेन्शनीत बसेल? डबेवाल्या काकूंच्या मिळकतीत बसेल? आणि भाडेकरू सात घरांचे, त्यांचा त्या कागदात उल्लेखसुद्धा नव्हता. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला पुनर्विकासात काहीच मिळत नाही. नर्सनं सभेच्या दारातून विचारलं होतं, "म्हणजे आम्ही कधी निघायचं?" तिला सभेत बसायचा हक्क नव्हता. म्हणून तिचा प्रश्न मी इतिवृत्तात लिहून घेतला.

सभा फिरली ती मात्र माझ्या हिशेबानं नाही. एसटीवाले काका मूळचे औसा तालुक्यातले, किल्लारीच्या जवळचे. 30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं झोपली होती, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी धरणी हलली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर माळवदाच्या मातीचा जड थर, तो अंगावर आला आणि हजारो माणसं गेली. काका लातुरात होते म्हणून वाचले. इतकी वर्षं शेजारी राहून त्यांना त्याबद्दल बोलताना मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "समदी घरं पाडून नवी बांधली नाहीत तवा. निम्म्याहून जास्त गावांत जुनीच धरून उभी केली. पहिलं काम काय केलं म्हाईताय? माळवदावरची माती उतरवली. वजन उतरवा आधी, मग बोला."

ते खरं आहे, आणि आपण मराठवाड्याची माणसं ते विसरलो आहोत. भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादमधली 52 गावं नव्या जागी वसवली, त्यांचे फोटो सगळ्यांना आठवतात. पण जागतिक बँकेच्या मदतीनं चाललेल्या त्याच पुनर्वसन कार्यक्रमात, ज्या गावांमध्ये नुकसान कमी होतं, तिथली दीड लाखाहून अधिक घरं मालकांनी जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत केली. माळवदाची माती कमी करायची, भिंतीत आरपार बांध घालायचे, कोपरे जखडायचे. पैसे हप्त्यानं, कामाची पाहणी करून. घराघरांत जाऊन हे समजवायला गावातल्याच बायांना 'संवाद सहाय्यक' म्हणून नेमलं होतं. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं ते काम सांभाळलं. अंगठा उठवणाऱ्या बायकांनी इंजिनिअरांना विचारलं, ही पट्टी का घालायची. मला हा आपल्या भागाचा फार मोठा वारसा वाटतो. माणूस जिथं राहतो तिथंच घर मजबूत करायचं, हप्त्यानं, त्याला विचारून. गावांना जे जमलं ते शहरातल्या तीन मजली बिल्डिंगला का जमू नये?

मतदान झालं. दुरुस्तीच्या बाजूनं दहा. पुण्याच्या एका मालकानं शेवटच्या क्षणी बाजू बदलली. त्यांची आई अजून इथं राहते.

काम तीन टप्प्यांत घ्यायचं ठरलं, कारण पैसे तसेच येणार होते. बाहेरच्या मालकांनी पहिल्या टप्प्याचे एकरकमी द्यायचे, राहणाऱ्यांनी महिन्याला अडीच हजार. डबेवाल्या काकूंना लांब हप्ता. भाड्यानं दिलेल्या घरांवर जास्त बोजा टाका, असंही कुणी सुचवलं. पण मालक स्वतः राहत नाही म्हणून घ्यायचं बिनवापर शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि तो बोजा शेवटी भाड्यातूनच निघाला असता. ते तिथंच सोडलं.

कर्ज काढायला गेलो तर बँकेचा पहिला प्रश्न, जमीन सोसायटीच्या नावावर आहे का? नव्हती. मूळ बिल्डरनं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणारा दस्त, कधी करून दिलंच नव्हतं. जुन्या बिल्डिंगांमध्ये हे दर दुसऱ्या ठिकाणी ऐकू येतं. फ्लॅट-मालकीच्या मोफा कायद्याच्या कलम 11 खाली आता मानीव अभिहस्तांतरण मिळतं, म्हणजे बिल्डरनं सही केली नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर होते. जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, सहा महिन्यांत निर्णय अपेक्षित. कागद जमवण्यातच आमचं एक वर्ष गेलं. ज्यांची बिल्डिंग अजून धड आहे त्यांनी हे आधी करून ठेवावं, कारण भिंत पडल्यावर कागद शोधणं फार जड जातं.

इंजिनिअरांचा क्रम पक्का होता: आधी वजन, मग पाणी, मग लोखंड, शेवटी रंग. गच्चीवरच्या टाक्या रिकाम्या करून निम्म्याहून जास्त खाली आणल्या. खाली हौद खोदला, मोटर लावली, वर मोजक्या टाक्या बीमवर मांडणी करून ठेवल्या. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून साठा कमी करून चालणार नव्हतं. तो जमिनीवर आणायचा होता. या एकाच कामावर सगळ्यात जास्त भांडणं झाली, कारण स्वतःची टाकी म्हणजे स्वतःचं पाणी, आणि सामाईक हौद म्हणजे शेजाऱ्यावर भरवसा. 2016 पाहिलेल्या माणसाला तो भरवसा ठेवायला सांगणं ही लहान मागणी नाही. शेवटी हौदातून वर चढणाऱ्या पाण्याला घरटी वेळ वाटून दिला, तेव्हा कुठं जमलं.

मग सांडपाण्याचे जुने बिडाचे पाइप. भेगांमध्ये पिंपळ रुजला होता, त्याची मुळं भिंतीत हातभर आत. इमारत काळ्या मातीवर आहे. पाया खाली मुरमापर्यंत नेलेला असला तरी जोत्याभोवतीची माती ओली झाली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि ओटे-पायऱ्या उलतात. गळकं चेंबर तिथंच असेल तर हा खेळ बारमाही चालतो. पाइप बदलल्याशिवाय एकाही कॉलमला हात लावू दिला नाही इंजिनिअरांनी. लोक उलटं करतात: पोपडा पडला की वरून सिमेंट थापतात, रंग देतात, आणि आतली ओल तशीच. पुढच्या पावसाळ्यात तोच तुकडा, पण मोठा.

कॉलमच्या कामाला लोखंडी टेकू लागले. महिनाभर तळमजल्याच्या बैठकीत टेकूंच्या मधून चहाचे कप नेणं चालू होतं. मिस्त्री नांदेडकडचे, हाताखाली दोन पोरं. सुटलेलं काँक्रीट छिन्नीनं सळईच्या मागेपर्यंत काढायचं, सळई तारेच्या ब्रशनं घासून चकचकीत करायची, निम्मी झिजली असेल तर शेजारी नवी जोडायची, गंजरोधक लावायचं, आणि मग पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रो-काँक्रीट. ज्या कॉलमांना जास्त इजा होती त्यांना भोवती नवी सळई आणि तिला आडव्या कवटाळणाऱ्या नव्या रिंगा बांधून जॅकेट केलं. जुन्या रिंगा फूट-फूट अंतरावर होत्या, टोकं नुसती काटकोनात वाकवलेली. भूकंपात रिंगा उघडू नयेत म्हणून टोक 135 अंशांत आत वळवायचं, हे सांगणारं मानक 1993 चं. आमची बिल्डिंग त्याआधीची. आणि 2002 मध्ये मानकाच्या नकाशात हा भाग वरच्या भूकंप क्षेत्रात, तिसऱ्यात, गेला. जॅकेट केल्यानं बिल्डिंग आजच्या नियमांची झाली असं इंजिनिअर म्हणाले नाहीत, आणि मीही म्हणणार नाही. पण खालचे सहा कॉलम पूर्वीपेक्षा कितीतरी धड आहेत.

काम नेमकं मार्च-एप्रिलमध्ये आलं, म्हणजे नीटच्या आधीचे दिवस. हिंगोली, परभणी, बीडकडची शेतकऱ्यांची पोरं, दोन वर्षं घरापासून लांब, आणि डोक्यावर छिन्नी. तोडफोड सकाळी अकरा ते चार, पोरं क्लासला असताना; संध्याकाळी फक्त भरणं आणि पाणी मारणं. त्यातला एक पोरगा रोज रात्री अभ्यास झाला की स्वतःहून कॉलमच्या गोणपाटावर पाणी मारायचा. कुणी सांगितलं नव्हतं. ह्या वेळी एकही दिवस पाणी चुकलं नाही.

आता जे मला खटकतं ते. मुंबई शहरातल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींसाठी 1969 पासून दुरुस्तीचं स्वतंत्र मंडळ आहे. सुमारे 19,600 इमारती त्यात होत्या. त्याच्या कामाबद्दल तक्रारी असतील, पण जुन्या इमारतीची दुरुस्ती ही सार्वजनिक जबाबदारी आहे, हे तत्त्व तिथं पन्नास वर्षांपूर्वी मान्य झालं. मराठवाड्यात म्हाडाचं मंडळ आहे, ते सोडती काढून नवी घरं देतं. जुन्या बिल्डिंगच्या कॉलमसाठी इथं कुणाचंच दार नाही. प्रधानमंत्री आवास योजना 2015 ला आली. त्यात नव्या घराला मदत होती, स्वतःच्या जागेवर घर वाढवायला मदत होती, पण तीन मजली बिल्डिंगच्या सामाईक खांबाला कुठल्याच रकान्यात जागा नव्हती. करही बघा. बांधकाम चालू असलेलं परवडणाऱ्या वर्गातलं नवं घर घेतलं तर जीएसटी एक टक्का. आणि नोंदणीकृत ठेकेदाराकडून जुनं घर वाचवलं तर अठरा टक्के. आमच्या 36 लाखांच्या कामात हा कर म्हणजे दोन-तीन घरांचा वाटा. राहतं स्वस्त घर टिकवणाऱ्याला इतकी शिक्षा का?

महापालिकेनं तीस वर्षांवरच्या छोट्या सोसायट्यांचं ऑडिट निम्म्या खर्चात करून द्यावं. दुरुस्तीसाठी कमी व्याजाचं कर्ज सोसायटीच्या नावानं मिळावं, आणि त्यात अट असावी की भाड्याच्या घरांचं भाडं ठरावीक वर्षं ठरावीक टक्क्यांच्या वर जाणार नाही. ही अट नसली तर सरकारी पैशानं मालकाची मिळकत वाढेल आणि भाडेकरू बाहेर पडेल. हे मी ऐकीव सांगत नाही. पहिला टप्पा संपून बाहेरून रंग लागला, आणि दोन महिन्यांत एका मालकानं घर रिकामं करून घेतलं. शिंपीकाका गेले. तिथं आता खाटा लागल्यात, पोरामागं भाडं. सोसायटीला सभासदाचं भाडं ठरवायचा अधिकार नाही. मी विनंती केली होती, ती त्यांनी शांतपणे ऐकून घेतली, इतकंच. पोरांनाही डोक्यावर छप्पर हवंच, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण शिंपीकाका आता शहराबाहेर रिंगरोडच्या पलीकडं पत्र्याच्या खोलीत आहेत, आणि त्यांची गिऱ्हाइकं इकडं आमच्या गल्लीत.

बाकीच्या मालकांपैकी चौघांनी दोन वर्षं भाडं न वाढवण्याचा शब्द सभेत दिला. तो इतिवृत्तात आहे. कायद्यात त्याला किंमत शून्य, पण पुण्याहून फोन आला की मी ते पान वाचून दाखवते.

दुसरा टप्पा चालू आहे, सज्जे आणि गॅलऱ्या. गच्ची पुढच्या उन्हाळ्यात: सगळे जुने कोबे उखडून, ढाळ नीट काढून, कठड्याच्या कोपऱ्याला सिमेंटचा गोलसर वाटा मारून नवा एकच थर. पैसे अजून सहा लाखांनी कमी आहेत. नर्सताईचा करार ऑक्टोबरमध्ये संपतो, आणि तिचे मालक शब्द देणाऱ्या चौघांत नाहीत. त्यांना हजाराची वाढ हवीय. मी त्यांना पाचशेवर आणायच्या खटपटीत आहे. नाहीच जमलं तर तिसऱ्या मजल्यावरचं एक घर दिवाळीत रिकामं होतंय. त्या मालकीणबाई शब्द दिलेल्यांपैकी आहेत, आणि त्यांच्या कानावर मी आत्ताच घालून ठेवलंय. नर्सताईच्या आईला जिना चढवत नाही, तेवढंच बघायचं राहिलंय. तळमजल्याच्या काकू म्हणतात, वर्षभर अदलाबदल करू, आम्ही वर जातो.